कॅम्पर व्हॅन हेच घर असताना कोकण किनाऱ्यावर वादळ आणि अतिवृष्टीची तयारी कशी ठेवावी?

प्रश्न : किनारावासी

नमस्कार. मी, माझे यजमान आणि सासूबाई असे आम्ही तिघे पुण्यातील भाड्याचे घर सोडून कॅम्पर व्हॅनमध्येच कायमचे राहू लागलो आहोत. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली गाडी आहे. छतावर सोलर पॅनेल, पलंगाखाली लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर, १०० लिटर पाण्याची टाकी, लहान फ्रीज आणि गॅसची शेगडी असा संसार आहे. थंडीचे दिवस आम्ही हर्णै, केळशी आणि गुहागर या पट्ट्यात काढले. यजमानांचे काम इंटरनेटवर चालते आणि सासूबाईंना इकडची हवा मानवते, त्यामुळे पावसाळाही इथेच काढावा असे मनात आहे.

सहलीच्या तयारीबद्दल पुष्कळ लिहिलेले सापडते. ज्यांना परत जायला दुसरे घरच नाही, त्यांनी काय करावे याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. वादळाचा इशारा आला तर आम्ही निघून जावे की जागेवर थांबावे, निघायचे असल्यास केव्हा, आणि गाडी कुठे उभी करावी? सध्या आम्ही बहुधा समुद्रालगतच्या सुरूच्या बनात सावली पाहून थांबतो. सासूबाईंना इन्सुलिन लागते, त्यामुळे वीज गेल्यास ते कसे टिकवावे हीही चिंता आहे. आमचे इकडे नातेवाईक कोणी नाहीत. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : वाडीवाला, दापोली

ताई, नमस्कार. किनाऱ्यालगत आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले, तेव्हा आम्ही सगळे घरातच होतो. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. त्या दिवशी जे पाहिले त्यावरून एवढे ठामपणे सांगतो की चक्रीवादळात गाडीत राहायचे नाही, मग ती कितीही भक्कम बांधलेली असो. गाडी उंच असते, तिच्या बाजूंना वारा सपाट लागतो, आणि वादळाचे केंद्र सरकेल तशी वाऱ्याची दिशा बदलत असल्यामुळे एकाच बाजूचा आडोसा धरून निभावता येत नाही. त्यातच उडणारे पत्रे आणि कौले यांच्यापुढे गाडीची काच किंवा फायबरची भिंत टिकत नाही.

तुमच्या घराला चाके आहेत याचा फायदा नक्कीच आहे, परंतु तो वादळाच्या आदल्या दिवसापर्यंतच टिकतो. त्यानंतर तीच गाडी गावातले सर्वांत कच्चे घर ठरते. म्हणून निघण्याची वेळ आभाळाकडे पाहून नव्हे, तर इशाऱ्यावरून आधीच ठरवून ठेवावी. हवामान खाते साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना देते, ४८ तास आधी पिवळा आणि २४ तास आधी नारिंगी इशारा देते. सासूबाई सोबत आहेत, त्यामुळे माझ्या मते तुम्ही पिवळा इशारा येताच घाटावर निघावे. मे २०२१ मधील तौक्ते वादळाप्रमाणे पुढे वादळ किनाऱ्याला समांतर निघून जमिनीवर गुजरातेत आले, तरी एक फेरी वाया गेली असे मानू नये, कारण त्या वादळाच्या नुसत्या कडेनेही रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडे आणि छपरे पाडली होती. वादळाचा काळ केवळ मे-जूनचा नाही, हेही ध्यानात असू द्यावे. २००९ चे फयान नोव्हेंबरात आले होते, म्हणजे दिवाळीच्या सुमारासही सावध राहावे लागते.

निघताना किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याचा विचार करू नये. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला आणि तवसाळ-जयगड येथील फेरीबोटी खराब हवामानात बंद ठेवतात. त्यामुळे गुहागरहून चिपळूणमार्गे किंवा दापोलीहून खेडमार्गे महामार्ग गाठायचा, एवढाच रस्ता मनात धरावा आणि तो दिवसाउजेडी पार करावा.

सुरूच्या बनातला मुक्काम मात्र आजच हलवा, अशी कळकळीची विनंती आहे. सुरूची मुळे वाळूत असतात आणि वाळू भिजली की झाड बुंध्यासकट आडवे होते. निसर्ग वादळात आमच्या वाडीतले नारळ मधोमध मोडले, तर पोफळी रांगेने झोपल्या. चक्रीवादळ नसतानाही माडाखाली गाडी लावू नये, कारण पडणारे झाप आणि नारळ काच फोडायला पुरेसे असतात.

आता एक गोष्ट जी शहरातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. वादळापूर्वी लोकांना हलवताना तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कोतवाल घरांच्या यादीप्रमाणे फिरतात. तुमची गाडी कोणत्याच यादीत नाही. यासाठी जिथे आठवडाभराहून अधिक थांबाल, तिथे ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांकडे स्वतः जाऊन आपण तिघे कुठे थांबलो आहोत, सोबत इन्सुलिन घेणाऱ्या वृद्ध बाई आहेत, आणि आपला फोन क्रमांक हा, असे लिहून द्यावे. निवाऱ्यासाठी कोणती शाळा किंवा सभागृह ठरले आहे तेही तेव्हाच विचारून, एकदा पायी जाऊन पाहून यावे. निघण्याची वेळ टळून गेलीच, तर स्लॅबच्या त्या इमारतीत जायचे आणि गाडी झाडे, विजेचे खांब व पत्र्याच्या छपरांपासून दूर ठेवून द्यायची.

वादळ गेल्यावरचे दिवस अधिक कठीण असतात. आमच्याकडे काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, मोबाईलचे मनोरे बंद होते, एटीएम चालत नव्हते आणि रस्त्यावर इतकी झाडे पडली होती की कोयता आणि करवत घेतल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे. तुमच्याकडे एक चांगला कोयता, हाताची करवत, जाड दोरखंड, रोख रक्कम सुट्या नोटांत, आणि सेलवर चालणारा लहान रेडिओ हवाच. डिझेलची टाकी मे महिन्यापासून अर्ध्याखाली येऊ देऊ नये, कारण वीज नसली की पंपही बंद राहतात.

उत्तर : वाशिष्ठीकाठ

वाडीवाल्यांनी वादळाबद्दल जे लिहिले आहे त्याला माझी पूर्ण सहमती आहे. अतिवृष्टीला मात्र तोच नियम लावू नये, हे स्पष्ट करण्यासाठी लिहीत आहे. चक्रीवादळाची वर्दी दोन-तीन दिवस आधी मिळते, म्हणून तेव्हा निघून जाणे शहाणपणाचे ठरते. पावसाचा लाल इशारा आलेला असताना, म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाचा अंदाज असताना, घाटाकडे गाडी वळवणे हाच मोठा धोका असतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा वेळी कुंभार्ली, आंबा किंवा वरंधा घाटात अडकण्यापेक्षा आधीपासून निवडलेल्या उंच जागी थांबून राहणे कितीतरी सुरक्षित असते.

ती जागा कशी निवडावी, याचा विचार पाऊस सुरू होण्यापूर्वीच करावा लागतो. नदी, खाडी आणि वहाळ यांपासून दूर असावे हे सर्वांना समजते, परंतु डोंगराच्या पायथ्याशी, विशेषतः जिथे वर नुकताच रस्ता कापला आहे किंवा जमीन उकरली आहे अशा उताराखाली, मुक्काम करू नये हे तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या वस्तीच्या लोकांना विचारावे की २०२१ साली आणि त्याआधी २००५ साली पाणी कुठवर आले होते. चिपळुणात आजही लोक भिंतीवर हात ठेवून ती उंची दाखवतात. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडे किंवा विजेचे खांब कलू लागले, किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर अंधार असला तरी तिथून उठून दूर जावे.

भरतीचे गणितही शिकून घ्यावे. खाडीला पूर्ण भरती असताना नदीचे पाणी समुद्रात उतरत नाही आणि पूर मागे तुंबतो. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर आली होती, म्हणजे उधाणाचेच दिवस होते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते, आणि अशी भरती दिवसातून दोनदा येते. ही वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टकही जवळ ठेवावे. तरीही फोन बंद असताना कालनिर्णय पाहून पुढचे सहा तास पाणी चढणार की उतरणार एवढे कळते, आणि त्या घडीला तेवढेच कळणे गरजेचे असते.

रस्त्यावरून वाहणारे पाणी गुडघ्याइतके असले तरी त्यात गाडी घालू नये. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेते, आणि पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला तेव्हा दोन एसटी गाड्या अंधारात पुरात गेल्या. पावसाळ्यात कोकणात रात्रीचा प्रवास टाळावा, एवढेच मी तुमच्या यजमानांना हात जोडून सांगेन.

गाडीत पाणी शिरलेच, तर नंतर इंजिन सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवल्यास आतले भाग वाकतात, आणि इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतलेले नसेल तर विमा कंपनी तो खर्च नाकारू शकते. पॉलिसी सर्वसमावेशक आहे ना, आरसीवर आणि पॉलिसीवर गाडीतील बदलांची नोंद आहे ना, हे या आठवड्यातच तपासा. आतल्या सामानाला वाहन विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही, त्यामुळे त्याची वेगळी चौकशी करावी.

उत्तर : वायरिंगवाला

गाड्यांच्या विजेचे आणि गॅसचे काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. बॅटरी आणि इन्व्हर्टर पलंगाखाली, म्हणजे गाडीतील सर्वांत खालच्या जागी आहेत. ते वर उचलून घेणे शक्य असेल तर उत्तमच. नसल्यास बॅटरीची मुख्य कळ हाताच्या अंतरावर बसवून घ्यावी आणि पाणी चढू लागताच ती बंद करावी. खारे पाणी लागलेली लिथियम बॅटरी वाळल्यासारखी दिसली तरी पुन्हा चार्जिंगला लावू नये, कारण तिला नंतरही आग लागू शकते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारी जाळी हवी, आणि सिलिंडर उभा व पट्ट्याने घट्ट बांधलेला हवा, कारण पुराच्या पाण्यात तो तरंगतो. पावसात सर्व खिडक्या बंद करून शेगडी पेटती ठेवू नये. अशा बंद जागेत शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून त्याचा इशारा देणारे उपकरण झोपण्याच्या जागेजवळ बसवावे.

छतावरील पॅनेलचे बोल्ट पावसाळ्याआधी एकेक करून पाहावेत. खाऱ्या हवेत साधा बोल्ट वरून रंग शाबूत असतानाच आतून खाल्लेला असतो. पाना लावला की डोके तुटून हातात येते, तेव्हाच ते कळते. सगळे स्टेनलेस स्टीलचे करून घ्या. विजा चमकत असताना पूर्ण धातूची बंद गाडी बऱ्यापैकी संरक्षण देते, फायबरच्या छताची देत नाही. त्यामुळे उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मुक्काम असेल तर आधीच पक्क्या इमारतीत जावे.

किनारावासी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. गाडी आजच सुरूच्या बनातून काढून गावातल्या मोकळ्या आवारात आणली, आणि उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करणार आहोत. इन्सुलिनबद्दल कोणी सांगू शकेल का? सासूबाई म्हणतात की माठात ठेवले तरी चालते.

उत्तर : परिचारिका, गुहागर

ताई, सासूबाई म्हणतात ते देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगले चालते, कारण माठ पाणी झिरपून सुकल्यामुळे थंड होतो. पावसाळ्यात इकडची हवा इतकी दमट असते की पाणी सुकतच नाही, म्हणून माठावर भिस्त ठेवू नये. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनची बाटली किंवा पेन ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. पावसाळ्यात सावलीत ठेवल्यास बहुधा तेवढे तापमान राहते. तुमच्या औषधाची नेमकी मुदत मात्र खोक्यावरील कागदावर पाहावी आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. न उघडलेल्या साठ्यासाठी मासळीवाले वापरतात तसा थर्माकोलचा डबा घ्यावा, बर्फ वेगळ्या पिशवीत बांधावा, आणि बर्फ व औषध यांमध्ये जाड टॉवेल ठेवावा, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरता येत नाही.

महिनाभर पुरेल इतका साठा, सुया, साखर मोजण्याचे यंत्र व त्याच्या पट्ट्या, आणि साखर उतरल्यास लगेच देता येईल अशी ग्लुकोजची पूड एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत एकत्र ठेवावी. ही पिशवी दाराजवळ टांगलेली असावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीची छापील प्रत आत ठेवा, आणि १०८ व ११२ हे क्रमांक सासूबाईंना स्वतःला लावता येतील असे त्यांच्याकडून एकदा करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातही त्यांचे नाव आधी देऊन ठेवावे. तुम्ही उद्या ग्रामपंचायतीत जाणारच आहात, तर आशाताईंचा, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीचा, क्रमांक तिथेच मिळेल.