होमब्रू (घरी बनवलेला) स्पेल ‘गोदेचा पूर’: तिसऱ्या लेव्हलला बसतो का? आकडे तपासून हवेत

गोदाकाठ_डीएम

डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी एडिशन, २०१४ चे नियम. चार जणांची पार्टी, सगळे पाचव्या लेव्हलला. कॅम्पेनचं शहर नाशिकवरूनच बेतलंय: घाट, कुंडं, अरुंद बोळ, वरच्या अंगाला धरण. ड्रुइडला (निसर्गाची जादू करणाऱ्याला) पुराचा स्पेल हवाय आणि तो दुतोंड्या मारुतीच्या मापाने चढला पाहिजे, ही अट. (बाहेरगावच्यांसाठी: गोदाघाटावरची ही मूर्ती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावरून पूर किती ते ठरतं.)

कच्चा मसुदा असा:

गोदेचा पूर. तिसरी लेव्हल, ड्रुइड. १ ॲक्शन, रेंज १२० फूट, कालावधी १ मिनिट, कॉन्सन्ट्रेशन नाही (म्हणजे टिकवायला लक्ष धरून ठेवावं लागत नाही). ३० फूट त्रिज्येत पाणी चढतं. पहिल्या राउंडला पावलं, मग गुडघे, मग कंबर, मग गळा. जो आत टर्न सुरू करेल किंवा आत शिरेल त्याला ४डी६ (सहा बाजूंचे चार फासे) ब्लजनिंग डॅमेज, स्ट्रेंग्थ सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा वीस बाजूंचा फासा) जमला तर निम्मं. सेव्ह फेल गेला तर १५ फूट वाहून जातो आणि प्रोन होतो (आडवा पडतो). पाणी गळ्याशी आलं की बुडायला लागतो.

४डी६ म्हणजे फायरबॉलच्या (तिसऱ्या लेव्हलचा आगीचा स्पेल, ८डी६) निम्मं, म्हणून तिसरी लेव्हल धरली. ती बरोबर आहे का? बुडण्याचा नियम कसा लिहायचा? आणि वरच्या लेव्हलच्या स्लॉटने (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एकीने) कास्ट केला तर काय वाढवायचं?

वीसपैकी_एक

फायरबॉलचं निम्मं नाही हो, दुपटीहून जास्त आहे. फायरबॉल एकदा फुटतो आणि संपतो. तुमचा पूर दर राउंडला तेच बिल परत फाडतो.

हिशोब मांडू. पाचव्या लेव्हलचा ड्रुइड, विस्डम १८, म्हणजे डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) ८ + ३ + ४ = १५. समोरच्याचा सेव्ह +२ धरला तर त्याला फाशावर १३ हवेत, म्हणजे ६०% वेळा फेल. सेव्हवर निम्मं असेल तर पूर्ण सरासरीच्या ०.८ पट पदरात पडतं.

आता किती जण सापडतात? डीएमजीत (डंजन मास्टर्स गाइड, खेळ चालवणाऱ्याचं पुस्तक) त्याचा ठोकताळा आहे: वर्तुळाची त्रिज्या भागिले ५. २० फुटांत ४ जण, ३० फुटांत ६.

फायरबॉल: ८डी६ ची सरासरी २८, गुणिले ०.८, गुणिले ४ = ८९.६.
तुमचा पूर: ४डी६ ची सरासरी १४, गुणिले ०.८, गुणिले ६ = ६७.२ एका राउंडला. लढाई तीन राउंड चालली तर २०१.६.

आणि फायरबॉल हे मापाला घ्यायचंच नाही. तो मुद्दाम जड ठेवलेला स्पेल आहे. स्पेल बनवण्यासाठी डीएमजीत जो तक्ता आहे त्यात तिसऱ्या लेव्हलला अनेक टार्गेट असतील तर ६डी६ आणि एकच टार्गेट असेल तर ५डी१० दिलंय. ६डी६ म्हणजे २१ × ०.८ × ४ = ६७.२. हा आकडा संपूर्ण स्पेलचा, आणि तुम्ही तो एका राउंडात संपवताय. त्रिज्या २० वर आणा आणि डॅमेज २डी६ करा: ७ × ०.८ × ४ × ३ राउंड, परत बरोब्बर ६७.२.

लहान शत्रूंचंही बघा. साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. ४डी६ चं निम्मंही सरासरी ७ च. म्हणजे सेव्ह जमूनही तो बहुतेक मेला. मग सेव्ह टाकायचा कशाला?

कंपोनंट_पाउच

वरचं गणित चोख आहे, पण ते फक्त डॅमेजचं झालं. हा स्पेल महाग आहे तो पाण्यामुळे, फाशांमुळे नाही.

बॅटलमॅपवर मिनी ठेवून बघा. वेग ३० चा शत्रू २० फुटांच्या वर्तुळाच्या मधोमध उभा आहे. पाणी म्हणजे डिफिकल्ट टेरेन, दर ५ फुटांना १० मोजायचे, म्हणजे टर्नला ३ घरं (एक घर ५ फुटांचं). काठ ४ घरांवर. तो अडकला. आता त्याला प्रोन करा. उठायला निम्मा वेग, १५ गेले. उरलेल्या १५ मध्ये एकच घर सरकतो. डॅश (ॲक्शन देऊन दुप्पट चाल) घेतला तर ६० मधले १५ जाऊन ४५ उरतात, चार घरांना ४० लागतात, कसाबसा काठावर येतो. पण डॅश घेतला म्हणजे त्याची ॲक्शन गेली. चार शत्रूंच्या ॲक्शन एका स्लॉटने खाल्ल्या, तर डॅमेज शून्य असलं तरी स्पेल वसूल. एन्टँगल पहिल्या लेव्हलचा, वेब दुसऱ्या लेव्हलचा. दोन्हींचं मुख्य काम अडकवणं, दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, आणि दोन्ही २० फुटांच्या चौकोनात किंवा घनात मावतात.

म्हणून तुमच्या मसुद्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘कॉन्सन्ट्रेशन नाही’ हे दोन शब्द. ड्रुइडचे बहुतेक चांगले स्पेल कॉन्सन्ट्रेशनवर चालतात. एकावेळी एकच धरता येतो, हाच त्या क्लासचा लगाम. पूर त्यातून सुटला तर खाली पूर आणि वर कॉल लाइटनिंग असं दोन्ही एकदम चालेल. आणि शत्रूच्या हातात काहीच उरत नाही. कॉन्सन्ट्रेशन असेल तर ड्रुइडवर एक बाण तरी मारता येतो: डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मं, यातलं जे जास्त ते.

वाहून जाणं आणि पुरात अडकणं ही दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध कामं आहेत, हेही कुणी पाहिलेलं दिसत नाही. दर सेव्हला १५ फूट वाहवलंत तर दोन फेलमध्ये शत्रू पुराबाहेर. तुम्हीच त्याला फुकट सोडवताय. ‘वाहून जाणं वर्तुळाच्या काठाशी थांबतं’ एवढं वाक्य घाला आणि अंतर १० करा. दिशा कास्ट करतानाच ठरवायची आणि मग बदलायची नाही. रामकुंडाशी गोदा दक्षिणेला वळते, तशी टेबलावर दर राउंडला वळू द्यायची नाही, नाहीतर दुसऱ्या कास्टरच्या स्पाइक ग्रोथवर (काटेरी जमिनीचा स्पेल) शत्रू मागेपुढे घासत बसतील. त्यात दर ५ फुटांना २डी४ आहे.

बुडण्याबद्दल: ते काढूनच टाका. नियमाप्रमाणे श्वास १ + कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर इतकी मिनिटं रोखता येतो, कमीत कमी ३० सेकंद. +२ वाल्याला ३ मिनिटं. तुमचा स्पेल संपतो १ मिनिटात. कॉन्स्टिट्यूशन अगदीच बेताचं असलेला सोडला तर कुणीच बुडणार नाही. त्याऐवजी पाण्याखालच्या लढाईचे तयार नियम जोडा: पोहण्याचा वेग नसलेल्याला मेली (जवळच्या) हल्ल्यावर डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी तो घ्यायचा; ॲडव्हांटेजला जास्त तो), अपवाद खंजीर, जॅव्हलिन, शॉर्टस्वोर्ड, भाला, त्रिशूळ. शत्रूकडे लाँगस्वोर्ड असेल तर गळाभर पाण्यात तो निम्मा झालाच.

माझ्या मते डॅमेज पूर्ण काढा.

चौथी_पायरी

डॅमेज पूर्ण काढायला माझा विरोध. ‘पूर आला आणि कुणाला काही लागलं नाही’ हे टेबलावर पोचत नाही. फासे हातात घेऊन टाकण्यात खेळणाऱ्याची निम्मी मजा असते. २डी६ ठेवा, पण सेव्ह जमला तर काहीच नाही असं करा. हिशोब: ७ × ०.६ × ४ × ३ = ५०.४. तक्त्यातल्या ६७.२ च्या बरोबर पाऊणपट. उरलेला पाव कंट्रोलची किंमत समजा.

इथे एक खाच आहे. ‘सेव्हवर शून्य डॅमेज’ असेल तर डॅमेज २५% वाढवायला डीएमजी परवानगी देतं. ती सवलत फक्त डॅमेजचा स्पेल असेल तेव्हाच घ्यायची. आणि तीही दिसते तेवढी उदार नाही. शत्रू तीनपैकी दोनदा फेल जात असेल तेव्हा कुठे दोन्ही प्रकार सारखे पडतात. त्याच्या खाली, ‘निम्मं’ वाला स्पेलच भारी.

आता पायऱ्या. पहिल्या राउंडला पावलं, चौथ्याला गळा. लढाई तीन-चार राउंडांत आटोपते, म्हणजे पाणी गळ्याशी पोचेपर्यंत लोक लूट वाटून घेत असतात. पाचव्या लेव्हलला तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच. त्यातला एक घालवून पहिल्या राउंडला फक्त पावलं ओली? ‘पावलं’ ही पायरी उडवा. सुरुवातच गुडघ्यापासून, मग कंबर, मग गळा. तीन राउंड, तीन पायऱ्या.

अपकास्टचं (वरच्या स्लॉटने कास्ट करण्याचं) उत्तर यातच मिळतं. फासे वाढवू नका, सुरुवातीची पायरी वाढवा. चौथ्या लेव्हलच्या स्लॉटने कमरेपासून, पाचव्याने गळ्यापासून. (सहाव्याला गोदाघाटावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपासून, पण ते तेव्हा बघू.)

आणि ‘आत शिरेल किंवा आत टर्न सुरू करेल’ यातलं ‘आत शिरेल’ काढा. ते ठेवलंत तर पार्टीतला प्रत्येक जण आपल्या टर्नला शत्रूला ढकलून परत पाण्यात घालेल, आणि एकाच राउंडात त्याला तीन-चारदा सेव्ह पडतील. मूनबीम या स्पेलच्या बाबतीत २०१४ च्या शब्दरचनेने हीच पळवाट उघडी ठेवली आहे. फक्त ‘आत टर्न सुरू करणारा’ एवढंच लिहा.

गोदाकाठ_डीएम

सगळं धरून नवा मसुदा. कॉन्सन्ट्रेशनवर खेळाडूची थोडी कुरकुर होईल, ती मी बघतो.

गोदेचा पूर. तिसरी लेव्हल, कॉन्ज्युरेशन, ड्रुइड. १ ॲक्शन, रेंज १२० फूट. व्हर्बल, सोमॅटिक, मटेरियल (नदीतला गुळगुळीत गोटा). कॉन्सन्ट्रेशन, जास्तीत जास्त १ मिनिट.

रेंजमधल्या जमिनीवर २० फूट त्रिज्येच्या वर्तुळात गुडघाभर पाणी चढतं. प्रवाहाची दिशा कास्ट करताना ठरवा. तुमच्या पुढच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला पाणी एक पायरी चढतं: कंबर, मग गळा. वर्तुळ डिफिकल्ट टेरेन आहे.
गुडघा: आत टर्न सुरू करणाऱ्याने स्ट्रेंग्थ सेव्ह टाकायचा. फेल गेला तर २डी६ ब्लजनिंग डॅमेज, आणि प्रवाहाच्या दिशेने १० फूट वाहून जातो. वाहणं काठाशी थांबतं.
कंबर: वरचं सगळं, शिवाय फेल गेलेला प्रोन होतो.
गळा: वरचं सगळं, शिवाय मीडियम आणि लहान आकाराच्यांना पाण्याखालच्या लढाईचे नियम लागू.

स्मॉल आकाराच्यांना एक पायरी जास्त आणि लार्जना एक कमी असं करायचा विचार आहे. मारुतीचं माप शेवटी अंगावरच मोजतात.

चौथी_पायरी

आकाराप्रमाणे पायऱ्या नकोत. तीन पायऱ्या, तीन आकार, नऊ कप्पे डोक्यात ठेवून इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) चालवणार का? ‘लार्ज आणि त्याहून मोठ्यांना सेव्हवर ॲडव्हांटेज’, विषय संपला. ओगरची स्ट्रेंग्थ १९, सेव्ह +४, तो आधीच निम्म्या वेळा वाचतो. ॲडव्हांटेजने चारात तीनदा वाचेल, आणि ते शोभतंही.

कंबर पायरीवरच्या प्रोनचा एक तोटा खेळाडूंना आधीच सांगून ठेवा. प्रोन शत्रूवर जवळून मारणाऱ्याला ॲडव्हांटेज, पण लांबून मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज. पार्टीत धनुर्धारी असेल तर दुसऱ्या राउंडपासून तो ड्रुइडकडे डोळे वटारून बघेल.

कंपोनंट_पाउच

बाकी ठीक. एक भोक राहिलंय आणि ते मोठं आहे: स्पेल संपल्यावर पाण्याचं काय होतं, ते लिहिलेलं नाही.

२० फूट त्रिज्या, गळ्याशी म्हणजे ५ फूट खोली धरू. ३.१४ × ४०० × ५, साधारण ६,२८० घनफूट. लिटरमध्ये जवळजवळ १ लाख ७८ हजार. दहा हजार लिटरचे अठरा टँकर! पहिल्या लेव्हलचा क्रिएट वॉटर देतो १० गॅलन, म्हणजे ३८ लिटरच्या आसपास. खेळाडूंनी हे एकदा मोजलं की लढाईत पूर कुणी वापरणारच नाही. दुष्काळी गावाचं तळं भरून देऊ, जळता वाडा विझवू, खंदक भरू, तळघर बुडवू, आणि प्रत्येक वेळी ‘नियमात कुठं लिहिलंय नाही म्हणून?’ पाणी तीन राउंडांत, १८ सेकंदांत चढलं असं धरलं तर साडेतीनशे क्युसेक होतात. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग हजारोंत ऐकायची सवय असलेल्या नाशिककराला हा आकडा किरकोळ वाटेल, पण तळघरात कोंडलेल्या कल्टिस्टांना नाही.

दोन वाक्यं जोडा: ‘पाणी वर्तुळाबाहेर वाहत नाही. स्पेल संपताच ते नाहीसं होतं आणि मागे ओलही राहत नाही.’ आग विझवण्याचं वेगळं लिहा: वर्तुळातली, कुणी अंगावर घेतलेली किंवा हातात धरलेली नसलेली उघडी आग विझते. नाहीतर ‘शत्रूच्या हातातली मशाल विझली का’ यावर अर्धा तास जाईल.

छत कमी उंचीचं असेल तर पाणी छतापर्यंत चढून थांबतं, हेही टाका. बोळांच्या शहरात पहिल्याच सेशनला लागेल.