मदत हवी आहे: तांड्यावरची, वस्तीवरची पोरं युवा गटात टिकत नाहीत

सिंदफणाकाठ: बीड जिल्ह्यातल्या एका गावात १६ ते २५ वयाच्या मुलामुलींचा गट आहे. रविवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक, मग क्रिकेट. गावातली पोरं येतात. तांड्यावरची आणि पारधी वस्तीवरची एकदोनदा येतात, कडेला बसतात, मग बंद. दहावी अर्धवट सोडलेले बरेच. दिवाळीनंतर निम्मे ऊसतोडीला जातात. मुली येतच नाहीत. पैसा जवळपास नाही. काय बदलावं?

बालाघाट: आधी जागा. पारावर कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असतं, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. एक रविवार तांड्यावर, एक वस्तीवर, एक शाळेच्या मैदानात अशी बैठक फिरती ठेवा. सुरुवातीला गावातल्या पोरांची हजेरी पडेल. पडू द्या, जागा मागं फिरवू नका.

क्रिकेट बंद करा. ज्याची बॅट त्याची बॅटिंग, आणि वस्तीवरचं पोर दिवसभर फिल्डिंगला. त्यापेक्षा खो-खो घ्या. एका संघाचे ९ जण मैदानात, साहित्य म्हणाल तर दोन खांब, आणि खो देताना पुढच्याच्या पाठीला हात लावावाच लागतो. भाषणांनी जे होत नाही ते इथं होतं. संघ कप्तानांना निवडू देऊ नका, शेवटी कोण उरतं ते सगळ्यांना दिसतं. दर वेळी नव्या चिठ्ठ्या टाका.

पाण्याला एकच माठ, एकच ओगराळं. वाढायच्या पाळ्यांची यादी लिहून भिंतीवर लावा. पाळी तोंडी ठेवली की वस्तीवरच्या पोराचं नाव गुपचूप गळतं.

गोदाकाठ: हे सगळं बरोबर, पण नुसत्या खेळावर पोरं वर्षभर टिकत नाहीत. घरच्यांना उपयोग दिसला पाहिजे. कागदांपासून सुरुवात करा. प्रत्येकाचं एक पान: आधार, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँक खातं. १५ व्या वर्षी आधारवर बोटांचे ठसे नव्यानं द्यायचे असतात. ते राहिलेले असले की पुढं खातं, शिष्यवृत्ती अडते. टीसीवरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून बघा.

जातीच्या दाखल्याची खरी मेख तारखेत आहे. बंजारा विमुक्त जातींत येतात, त्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. पारधी अनुसूचित जमातीत, त्यांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला तर उत्तम. निजामकाळातल्या नोंदी उर्दूत असतात, म्हणून वाचणारा जाणकार आधी गाठा. काहीच हाती लागलं नाही तर गृहचौकशीसाठी, म्हणजे घरी-वस्तीवर येऊन केलेल्या सरकारी चौकशीसाठी, लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा दहावीचा १७ नंबर फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) भरू नका. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा पोर फडात. राष्ट्रीय मुक्त शाळेची (एनआयओएस) परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते. त्यातली एप्रिल-मे धरा. विषय ५, मराठी माध्यम आहे, ५ वर्षांत ९ संधी, आणि पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. विज्ञानासारखे प्रात्यक्षिकाचे विषय टाळा. प्रात्यक्षिक लेखीच्या आधी असतं, आणि तेव्हा गाळप चालूच असतं.

सिंदफणाकाठ: फार उपयोगी पडेल हे. मुलींचं आणि हंगामात बाहेर असणाऱ्यांचं कसं करावं?

बालाघाट: मुलींची बैठक दुपारी, अंगणवाडीत, अंधाराच्या आत घरी. पहिल्या एकदोन वेळा आयांनाही बोलवा. १८ च्या आतल्या मुलीचं लग्न ठरतंय असं कळलं तर तिच्या घरी एकट्यानं वाद घालायला जाऊ नका. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्यांना लेखी कळवा आणि १०९८ वर फोन करा. खबर कुणी दिली ते गटातसुद्धा बोलू नका, गावात ते नाव फुटलं की त्या पोरीची मैत्रीण पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

गोदाकाठ: दसऱ्याआधी यादी करा: कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, घरातला कोणता फोन चालू राहणार, मुकादमाचा नंबर काय. हंगामात फोन लावत बसू नका, गाडी भरायची वेळ ठरलेली नसते. आवाजी निरोप ठेवा, सवडीनं ऐकतात. आणि हिशेबाची वही कायम गावात राहणाऱ्याकडेच ठेवू नका. गुढीपाडव्यानंतर ती परत आलेल्यांकडे द्या, मे महिन्याच्या सगळ्या बैठका त्यांनीच भरवायच्या.