मदत हवी आहे: साताऱ्यात रेस्पिरेटरी थेरपिस्ट (व्हेंटिलेटर आणि श्वासाचे उपचार सांभाळणारा) मिळत नाहीये

मंडळी, आमचं ४० खाटांचं खासगी हॉस्पिटल आहे. आयसीयू १० खाटांचा, व्हेंटिलेटर ५, शिवाय बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) आणि हाय फ्लो (नाकातून जास्त वेगाने ऑक्सिजन). व्हेंटिलेटरचं सगळं भूलतज्ज्ञ आणि दोन अनुभवी सिस्टर सांभाळतात. रात्री एबीजीचा (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) रिपोर्ट आला की फोनाफोनी.

तीन महिने शोधतोय. जाहिरात दिली, पुण्यातल्या ओळखीच्या इंटेन्सिव्हिस्टना (आयसीयूच्या डॉक्टरांना) विचारलं. आले ते दोन अर्ज. एक मुलगी डेटाफ्लो (परदेशी नोकरीसाठी कागदपत्रांची पडताळणी) करून दुबईच्या लायसन्स परीक्षेची तयारी करतेय, तिने प्रामाणिकपणे सांगितलं की सहा महिन्यांच्या वर थांबणार नाही. दुसरा ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन निघाला. (२०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात रेस्पिरेटरीचा व्यवसाय वेगळा धरलाय, पण इथे अजून सगळेच 'टेक्निशियन'!)

पगार २८ हजार, राहायची सोय आमची. ३५ पर्यंत जाता येईल, त्यापुढे नाही. बॉण्ड घालायचा नाही, मागे हात पोळलेत.

तालुका-जिल्ह्याच्या ठिकाणी ज्यांच्याकडे बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपीवाला वर्षभर टिकलाय, त्यांनी सांगावं: फ्रेशर घेतला की अनुभवी, आणि एकटाच असेल तर त्याची रात्रपाळी कशी लावता?