घडी घाला, आत न्या, विषय संपला?

उशिराची_गाडी

शेजारच्या धाग्यावर फोल्डिंग सायकल घेऊ पाहणाऱ्या एका नवख्याला एका सद्गृहस्थांनी सल्ला दिलाय: "फोल्डिंगला कुलूप घेणारा माणूस फोल्डिंगच्या लायकीचाच नाही. घडी घाला, आत न्या, टेबलाखाली सरकवा, विषय संपला. जमत नसेल तर साधी सायकल घ्या." खाली +१ ची रांग. तिथंच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

'आत' म्हणजे नक्की कुठं हो? ज्यांना स्वतःचं टेबल आहे आणि त्याखाली रिकामी जागा आहे त्यांचं ठीक. आमच्याकडे सकाळी जी खुर्ची रिकामी दिसेल ती आपली, आणि टेबलाखाली समोरच्याचे पाय. शिवाय कामावर जाणं म्हणजे घर ते ऑफिस एवढंच असतं का? मध्ये बँक येते, औषधांचं दुकान येतं, पोराची शाळा येते. अकरा-बारा किलो वजन दुकानदार एका हातानं उचलून दाखवतो. तीच सायकल घेऊन जिना चढायला लागा, दुसऱ्या वळणावर पेडल नडगीवर बसतं आणि मग तोंडातून काय निघतं ते इथं लिहिता येणार नाही.

आणि कुलूप लावायचं म्हटलं तर ते कुठं लावायचं हे कुणी सांगत नाही. साध्या सायकलीला मधला मोठा त्रिकोण असतो, आपल्याला एक जाड नळी. लोक काय करतात, सीटच्या दांड्याला केबल गुंडाळतात. दांडा क्विक रिलीजवर! लिव्हर उघडली, दांडा वर ओढला, केबल खाली. त्यावर कडी म्हणजे चोरानं ती घडी घालून पिशवीत टाकली की बसमध्ये शेजारी बसला तरी तुम्हाला कळणार नाही. साधी सायकल खांद्यावर टाकून पळणारा निदान दिसतो तरी.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: घडीच्या सायकलीला कुलूप साध्या सायकलीपेक्षा जास्त लागतं.

टेबलाखाली

ते सद्गृहस्थ मीच. एवढा आदर ठेवलात, आभार.

कित्येक वर्षं घडीची सायकल चालवतोय, घरात सायकलीचं कुलूपच नाही. बाहेर ठेवायचीच नाही तर लागतं कशाला? अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात ब्रॉम्प्टन ही घडीची सायकल घडवली तेव्हा घडी अशी बसवली की तेलकट चेन दोन चाकांच्या मध्ये दडते. ती कपड्यांना न लागता आत नेता यावी म्हणूनच ना? खांबालाच बांधायची असती तर एवढी डोकेफोड कोण करतंय!

कुलपांवर फारच श्रद्धा असेल तर २००४ आठवा. क्रिप्टोनाइट कंपनीची गोल किल्लीची यू-लॉकं (यू आकाराच्या कडीची कुलपं) बॉलपेनच्या नळीनं उघडत होती, कंपनीला बदलून द्यावी लागली. आमच्या ऑफिसातल्या एकानं मनगटाएवढी साखळी आणली होती. सायकल राहिली, सीट दांड्यासकट गेली. उभ्यानं पेडल मारत घरी गेला बिचारा.

औषधं घ्यायचीत तर सायकल घेऊन दुकानात शिरा. लाज वाटते म्हणून कुलूप हवंय, असं स्पष्ट म्हणा की.

उशिराची_गाडी

लाजेचा प्रश्न नाही, हातांचा आहे. एका हातात घडी, दुसऱ्या हातावर तापानं फणफणलेलं पोर. दवाखान्याचं दार नाकानं उघडू?

आणि ते बॉलपेन गोल किल्लीच्या कुलपांत चालायचं. त्यानंतर चपट्या किल्ल्या आल्या. तुमचं कुलूपशास्त्र २००४ लाच थांबलेलं दिसतं.

मागचा_त्रिकोण

तुमचं चालू द्या, पण कुलूप कुठं लावायचं ते तरी सांगू दे. यू-लॉक मागच्या चाकाला धरणाऱ्या नळ्यांच्या छोट्या त्रिकोणाच्या आत, मागच्या रिमभोवती घालून खांबाला. सायकल दुरुस्तीवर लिहिणारे शेल्डन ब्राऊन हेच सांगून गेले. चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघत नाही, म्हणून फ्रेमभोवती वेगळं कुलूप नसलं तरी फ्रेम अडकते. फोल्डिंगला तर ही पद्धत फारच सोयीची, कारण त्या जाड नळीभोवती छोटं यू-लॉक बसतच नाही. सीटचा दांडा काढून बॅगेत टाका. तेवढ्यानं अर्धे चोर पुढच्या सायकलीकडे वळतात.

पुढचं हँडल मात्र बेवारस राहतं, हे मान्य.

आरे_मोजणारा

आणि रिमच कापली तर?

मागचा_त्रिकोण

कापू दे. रिमवर आऱ्यांचा ताण असतो, करवत आत गेली की फट मिटायला लागते आणि पातं अडकतं. कापलीच तर हाती येतं मोडकं चाक. आणि ग्राइंडर घेऊन आलेल्या माणसापुढे तुमचं-माझं कुठलंच कुलूप फार वेळ टिकत नाही. कुलपानं आपल्याला वेळ मिळतो, बाकी काही नाही.

अठ्ठावीस_इंची

मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही म्हणून मी विचारतो. ही खेळणी घ्यायचीच कशाला? एवढुशी चाकं, तिप्पट पेडल, निम्मा वेग. मोठ्या माणसानं त्यावर बसणं बघवत नाही. साधी सायकल घ्या, बाहेर लावा, हाकानाका.

गियरगणित

हे 'तिप्पट पेडल' वाचलं की माझं डोकं फिरतं. गियर नावाची वस्तू ऐकली आहे का? वीस इंची चाकाचा घेर साधारण १.५४ मीटर. पुढची चकती ५२ दाती, मागची ११ दाती: पेडलच्या एका फेरीत सुमारे ७.३ मीटर. मोठ्या चाकाचा घेर धरा २.१ मीटर. पुढे ३८, मागे ११: पुन्हा सुमारे ७.३. म्हणून तर फोल्डिंगची पुढची चकती थाळीएवढी असते! पायाला चाक दिसत नाही, गियर कळतो. आणि वेगाचं म्हणाल तर १९६२ साली जॉन वुडबर्न यांनी कार्डिफ ते लंडन विक्रम मोडला तो लहान चाकांच्या मोल्टनवर. निम्म्या वेगात विक्रम झाला का?

अठ्ठावीस_इंची

मोल्टनला पुढे-मागे सस्पेन्शन होतं, आणि ती घडीचीही नव्हती. सोयीचं तेवढं सांगायचं.

आणि आकडेमोडीनं पोट भरत नाही. लहान चाकाला गायरोस्कोपचा, म्हणजे फिरत्या चाकाचा तोल धरणारा, जोर नसतो, म्हणून ती डगमगते. भावाची फोल्डिंग मी चालवून पाहिली आहे. एक हात सोडून वळण दाखवायला गेलो आणि फुटपाथवर आडवा. पुरावा माझ्या कोपरावर आहे.

अवांतरच_लिहिणार

कोपराला नमस्कार, पण गायरोस्कोप मध्ये आणू नका. डेव्हिड जोन्स यांनी १९७० साली सायकलला उलट फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम मारून टाकला, तरी ती चालवता आली. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी तर गायरोस्कोपचा परिणाम आणि पुढच्या चाकाचा ट्रेल (हँडलच्या आसाची रेघ जमिनीला टेकते तिथून चाक जितकं मागे टेकतं ते अंतर) दोन्ही काढून टाकलेली सायकल केली. ती माणसाशिवाय ढकलली तरी तोल सांभाळत होती. तुम्ही पडलात ते लांबलचक हँडलदांड्याची सवय नव्हती म्हणून.

अठ्ठावीस_इंची

म्हणजे डेल्फ्टमध्ये माणसाशिवाय सायकल उभी राहिली म्हणून इथं माणूस पडला नाही? वा! शास्त्रज्ञांना सांगा, कोपर परत करा.

कच्चा_रस्ता

गायरोस्कोप सोडा, पण लहान चाक डगमगतं हे अठ्ठावीस_इंची खरं बोलतोय, निदान खड्ड्यांच्या रस्त्यावर. मोठं चाक खड्ड्याच्या कडेवर लोळत चढतं, लहान चाक आत उतरून कडेवर धडकतं. मी रोज खडबडीत रस्त्यानं जातो. संध्याकाळी मनगटं सांगतात किती इंची चाक आहे ते. जाड टायर लावले, हवा थोडी कमी ठेवली, तेव्हा कुठं सुसह्य झालं. आणि टायर झिजतातही लवकर, तेवढ्याच अंतरात फेऱ्या जास्त होतात ना.

आता माझं खरं दुखणं. बिजागरी! सगळे कुलपाबद्दल बोलताहेत, बिजागरीच्या लिव्हरकडे कोण बघतं? माझी कुरकुरत होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "आवाज येणारच, घडीची आहे." एके दिवशी हँडलच्या दांड्याची पकड सैल झाली आणि ब्रेक दाबताच हँडल पुढे कलंडलं. नशीब, वेग नव्हता. लिव्हर बंद करताना जोर लागलाच पाहिजे. अलगद बंद झाली की समजा आवळायची वेळ आली. चोरानं नेली तर सायकलच जाते, दातांना धक्का लागत नाही.

गियरगणित

बिजागरीबद्दल सहमत. पण खड्ड्यातला तोटा मान्य केला म्हणजे 'निम्मा वेग' मान्य केला असं कुणी समजू नये. गुळगुळीत रस्त्यावर फरक किरकोळ असतो, टायर चांगले हवेत इतकंच.

अठ्ठावीस_इंची

'किरकोळ असतो'. म्हणजे असतो. धन्यवाद, एवढंच हवं होतं.

गियरगणित

अहो, तुम्ही तिप्पट पेडल म्हणाला होतात! वर जाऊन वाचा! तुमच्यासारख्यांमुळेच नवीन माणूस सायकलच घेत नाही, चाकाचा व्यास मोजत बसतो.

अठ्ठावीस_इंची

आवाज खाली. मी माझं मत दिलं, आपण कॅल्क्युलेटर फेकून मारताय. आणि एक सांगा, एवढी चांगली असते तर ती गाडीच्या गर्दीत माझ्या पायावर का आदळते? दारातच उभी करतात, घडीसुद्धा अर्धवट घालतात. तेव्हा कुठं जातं तुमचं शास्त्र?

टेबलाखाली

दारात उभी करणाऱ्यांना मीही झोडतो. चाक आतल्या बाजूला आणि वर कापडी पिशवी, एवढी शिस्त पाळलीच पाहिजे. पिशवी घातली की रिसेप्शनवालेही हरकत घेत नाहीत. 'सायकल' दिसली की नियम आठवतात, 'बॅग' दिसली की नाही.

उशिराची_गाडी

धागा कुलपाचा होता. चाकं, कोपर, डेल्फ्ट, सगळं झालं. आता टेबलाखाली यांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: पिशवीतली ती 'बॅग' घेऊन स्वच्छतागृहात जाता का?

टेबलाखाली

जातो. एकदा कडी लागेना म्हणून दाराला सायकल टेकवून बसलो. घ्या, हसा.

बरं, तुमच्या त्या तापलेल्या पोरासाठी म्हणून एवढं मान्य करतो: दहा मिनिटांसाठी, डोळ्यांसमोर, मागच्या त्रिकोणातून, चांगलं यू-लॉक. रात्रभर स्टेशनबाहेर ठेवणाऱ्याला मात्र मी अजूनही तेच म्हणेन. आणि केबलवाल्यांना तर दुप्पट. ती केबल छोट्या कटरनंही तुटते, दोरा बांधला तरी तेवढंच.

उशिराची_गाडी

'दहा मिनिटांसाठी' का होईना, कुलूप आलं तोंडात. उपकार झाले. फ्रेम नंबरचा फोटोही काढून ठेवा, बहुतेकदा पेडलच्या आसाखाली कोरलेला असतो. तक्रार करताना 'काळी, घडीची' एवढ्यावर कुणी शोधत नाही.

आरे_मोजणारा

मागचा_त्रिकोण यांना पुन्हा तोच प्रश्न. सोळा इंची चाकात छोटं यू-लॉक आणि खांब दोन्ही मावतात का? माझं मडगार्डला अडतंय.

मागचा_त्रिकोण

जाड खांब असेल तर नाही मावत. बारीक नळीचा स्टँड शोधा, कुलूप आऱ्यांमधून आडवं घाला, मडगार्डच्या तारेच्या खालून. आणि घालताना गियरची केबल चेपत नाही ना ते बघा, मी दुसऱ्यांच्या कितीतरी सायकलींवर ती तुटलेली पाहिली आहे.