चर्चा: सरकारी कला महाविद्यालयात नाटक, वादविवाद आणि भित्तिपत्रक वेळापत्रकातच आणावे का?

माजी विद्यार्थिनी, खानापूर तालुका

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात एका छोट्या सरकारी कला महाविद्यालयात मी बी.ए. केले आणि आता माझी धाकटी बहीण तिथेच शिकते आहे. शेवटची तासिका दुपारी दोनच्या सुमारास सुटते आणि अर्ध्या तासात आवार ओस पडते, कारण कणकुंबी, जांबोटी, गुंजी, नंदगड या बाजूंच्या मुलामुलींना त्या वेळची गाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी स्टँडवर ताटकळत बसावे लागते. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना सरकारी बसचे तिकीट पडत नाही, ही मोठीच सोय झाली. परंतु प्रवास फुकट झाला म्हणून गाडीची वेळ काही बदलली नाही. परिणामी नाटकाची तालीम असो, वादविवादाची तयारी असो की स्नेहसंमेलनाची आखणी, जे काही घडते ते दोननंतर आणि तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मोजक्या मुलांपुरतेच घडते. युवजनोत्सवाला, म्हणजे महाविद्यालयांमधील कलास्पर्धांना, जाणारा संघही त्यांच्यातूनच निवडला जातो. खेड्यातील मुलगी तीन वर्षे येते, तास करते, परत जाते आणि पदवी घेते, पण त्या महाविद्यालयाची ती कधी झालेली नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की, आठवड्यातून दोन दिवस शेवटची तासिकाच या कामांसाठी राखून ठेवावी. जे वेळापत्रकात असते ते सर्वांचे असते. जे वेळापत्रकाबाहेर असते ते ज्यांना थांबणे परवडते त्यांचे असते.

अतिथी प्राध्यापक, बेळगाव

धागालेखिकेची कळकळ पटते, तरीही मी या सूचनेच्या पूर्ण विरोधात आहे. सरकारी प्रथम दर्जा (म्हणजे पदवी) महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार आम्हां कायम नेमणूक नसलेल्या अतिथी प्राध्यापकांवर आहे. २०२१ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस आमच्या मागण्यांसाठी वर्गांवर बहिष्कार घालण्याची वेळ आली, तेव्हा बुडालेले तास विद्यार्थ्यांना पुरते भरून मिळाले नाहीत. त्यातच २०२१ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा अभ्यासक्रम आला आणि २०२४ मध्ये राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. अभ्यासक्रम बदलले की ग्रंथालयातील जुनी पुस्तके निरुपयोगी ठरतात आणि नवी वेळेवर येत नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्याला तासाला मिळेल तेवढ्यावरच भागवावे लागते. अशा स्थितीत आठवड्याच्या दोन तासिका सोडून देणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले जेव्हा इतिहास आणि राज्यशास्त्र कन्नडमधून ऐकू लागतात, तेव्हा पहिले वर्षभर ती वहीत फक्त फळ्यावरचे उतरवून घेतात. शंका विचारायला तोंड उघडत नाहीत, कारण चुकीचे कन्नड बोललो तर हसे होईल ही भीती असते. शेवटची तासिका मोकळी करता येत असेल, तर ती या मुलांच्या कन्नड आणि इंग्रजीसाठी द्यावी. पोटापाण्याची लढाई त्या दोन भाषांतून लढावी लागणार आहे, हे आपल्याला आवडो वा न आवडो.

पालक, जांबोटी परिसर

मुलीला नाटकात काम मिळाले होते, पण मीच नाही म्हटले. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाऊस सुरू झाला की दुपारी चारलाच अंधारून येते आणि स्टँडपासून घरापर्यंतची वाट रानातून आहे. कार्यक्रम तासिकेच्या वेळेत होणार असेल तर माझी काहीच हरकत नाही. मात्र ‘आज थोडा उशीर होईल’ हे एकदा सुरू झाले की आमच्यासारख्या घरच्या मुलीच सर्वांत आधी यातून गळतील, हे ध्यानात असू द्यावे.

स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, नंदगड

मी प्राध्यापक सरांशी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे. आमच्या गावाला नाटक नवे नाही. यात्रेला आणि गणेशोत्सवात गावची मंडळी रंग लावून उभी राहतात, भजनी मंडळे आहेत, लेझीम आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी येथे गावकरी स्वतःच्या हिमतीवर मराठी साहित्य संमेलने भरवतात. गावात जे नाही ते महाविद्यालयाने द्यावे, आणि गावात नाही ते ग्रंथालय. आमच्याकडे तासिका संपताच ग्रंथालयालाही कुलूप लागत असे. पोलीस भरती किंवा केपीएससीची (कर्नाटक लोकसेवा आयोगाची) तयारी करणाऱ्याने पुस्तक घेऊन बसायचे कुठे? तासिका राखून ठेवायचीच असेल तर वाचनासाठी ठेवा.

माजी विद्यार्थिनी, खानापूर तालुका

नंदगडच्या दादांचा ग्रंथालयाचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे आणि राखीव तासिकेत वाचन असावेच. संमेलनांबद्दल मात्र माझा अनुभव असा की, तिथे आम्ही खुर्च्यांवर बसतो आणि व्यासपीठावर पाहुणे बोलतात. ऐकणे चांगलेच, पण ते स्वतः उभे करण्यासारखे नसते. आणि गावच्या नाटकात मुलींना कामे किती मिळतात, हेही त्यांनी सांगावे.

सरांच्या मुद्द्याचे उत्तर भित्तिपत्रकातच आहे. जिन्याशेजारच्या काचेच्या चौकटीत आम्ही डाव्या बाजूला कन्नड आणि उजव्या बाजूला मराठी मजकूर लावत असू. रेघी कागदावर हाताने लिहिलेला, वर स्केचपेनने काढलेली वेल. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीने मलप्रभेच्या पुरावर लिहिले होते. वर्गातील कन्नड मैत्रिणीला ते कळावे म्हणून दोघी तीन दिवस डब्याच्या सुट्टीत डोके घालून बसल्या, शब्द खोडून पुन्हा लिहिले, आणि दोन्ही मजकूर एकाच दिवशी लागले. वर्षभर गप्प बसलेली ती मुलगी त्यानंतर इतिहासाच्या तासाला कन्नडमधून प्रश्न विचारू लागली. तिची भीती व्याकरणाच्या तासाने गेली नाही. आपले लिहिलेले कुणीतरी उभे राहून वाचते आहे, हे दिसल्यावर ती गेली. सर, ज्याला तुम्ही भाषेचा तास म्हणता, तोच मी मागते आहे.

अतिथी प्राध्यापक, बेळगाव

ही एक मुलगी झाली. चौकटीपर्यंत न पोहोचणाऱ्या बाकीच्या मुलांचे काय, हा माझा प्रश्न तसाच राहतो. राखीव तासिकेत निम्मी मुले लवकरची गाडी पकडतील, हे मी अनुभवाने सांगतो. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास सेवेचे बंधन आहे. ते कागदावर सहज भरतात, आणि खरे काम होते ते सात दिवसांच्या निवासी शिबिरात, कारण तिथे हजर राहण्यावाचून पर्याय नसतो आणि जबाबदार प्राध्यापक नेमलेला असतो. तुमच्या तासिकेला असा प्राध्यापक कोण देणार? ती कुणाच्याच कार्यभारात मोजली जाणार नसेल, तर नियमित प्राध्यापक प्रशासकीय कामाकडे वळतील आणि तासिका विनामोबदला आमच्या गळ्यात पडेल.

माजी विद्यार्थिनी, खानापूर तालुका

मग मागणी दुरुस्त करते: तासिका वेळापत्रकात असावी, हजेरी घेतली जावी आणि ती शिकवणाऱ्याच्या कार्यभारात लेखी मोजली जावी. दोनऐवजी एका तासिकेने सुरुवात झाली तरी चालेल. पण ती दोनच्या आत संपली पाहिजे. त्यात तडजोड नाही.