धोक्याची रेषा नकाशावर आहे, मग परवानगीच्या फायलीत का नाही?

भरतीमास्तर
सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना निर्बंध घालणाऱ्या नियमांच्या, २०११ च्या अधिसूचनेत धोक्याची रेषा आली. भरती, लाटा, किनाऱ्याची झीज आणि समुद्राची वाढती पातळी धरून ती आखायची आणि किनारी निर्बंधांची हद्द ठरवताना विचारात घ्यायची, असं ठरलं. २०१९ च्या अधिसूचनेने ती आपत्ती व्यवस्थापन आणि नियोजनापुरती ठेवली. परवानगी देताना तिचं बंधन उरलं नाही. वर दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० वर!

आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, २०२१ चा अहवाल सांगतो की २१०० पर्यंत जगाची सरासरी समुद्रपातळी, उत्सर्जन आवरलं तर साधारण ०.३ ते ०.६ मीटर वाढेल, मोकाट सोडलं तर ०.६ ते १ मीटर. कुठला आकडा धरायचा म्हणून वाद घालत बसायची गरज नाही. वास्तू किती वर्षं टिकायची आहे आणि बुडाली तर किती लोक अडचणीत येतील, ते बघा. रुग्णालय, वीज उपकेंद्र, पंपिंग स्टेशन यांना वरचा आकडा लावा. बंदरावरच्या टपरीला कुठलाच नको.

खारपाटीचा नाना
मास्तर, २१०० राहू द्या, येत्या उधाणाचं बोला. पेणच्या खाडीकाठी खेकडे बांध पोखरतात, आधी पाणी झिरपतं, मग अमावास्येच्या भरतीला खांड पडते, बांध फुटतो. पूर्वी जोळ होता, म्हणजे गावाने मिळून बांध राखायची पद्धत, अख्खा गाव बांधावर उतरायचा. आता अंदाजपत्रक मंजूर होईस्तोवर शेतात खारं पाणी मुरतं, भात जातो आणि कांदळवन उगवतं. ते तोडायचं तर हायकोर्टाची परवानगी. सातबारा माझा, झाडं सरकारची!

त्यात तुमची आणखी एक रेषा. तिच्या आतल्या जमिनीवर बँक कर्ज देईल? टॉवरवाला वकील लावून सुटेल. नोटीस येईल ती कोळीवाड्यात पडवी वाढवणाऱ्याला.

पंपहाऊस
नानांशी सहमत, पण कारण वेगळं. मुंबईच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. शंभरेक वर्षांत समुद्र चढण्याचा वेग वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास. १९९३ नंतर उत्तर हिंदी महासागराचा वेग वर्षाला ३.३ मिमी झाला, हेही मान्य. पण मुंबईत पावसाळ्यातली मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तिथे या मिलिमीटरांचं काय घेऊन बसलात? शहर तुंबतं कारण नाल्यांची मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्यात समुद्राची वाढ शोधत बसणार का? पैसा पंपांवर घाला.

भरतीमास्तर
@पंपहाऊस, घाला की! पण पंप कुठल्या पातळीसाठी घेणार? समुद्र फूटभर वर आला की नाल्याची झडप रोज जास्त वेळ बंद ठेवावी लागेल, पंप तेवढा जास्त चालेल आणि जास्त उंचीवर पाणी फेकेल. साडेचार मीटरची भरती आहे म्हणूनच तो फूट महागात पडतो. धरलेली समुद्रपातळी निविदेत छापा, एवढीच मागणी. लंडनने थेम्सच्या मुखासाठी २०१२ मध्ये आराखडा केला, त्यातही शतकभराचा एकच आकडा पकडलेला नाही. पातळी अमुक झाली की तमुक काम, आणि ठरावीक काळाने फेरतपासणी.

@नाना, रेषा नव्या मोठ्या बांधकामांना लावा, राहत्या घरांना नको.

वसईकर
आणि २ मीटरचं काय? हिमथर अस्थिर झाले तर तेवढी वाढही नाकारता येत नाही, हे त्याच अहवालात आहे. हा आकडा दाखवून उद्या निम्मा किनारा रिकामा करा म्हणतील.

भरतीमास्तर
तो तारापूरच्या अणुवीज केंद्रासारख्या ठिकाणांसाठी. शक्यता कमी, पण चुकलं तर निस्तरता येणार नाही. पडवीचा त्याच्याशी संबंध नाही.

खारपाटीचा नाना
मग पडवी वगळली आहे हे नियमात लिहून आणा. आणि आमच्या बांधाची उंची पुढच्या दुरुस्तीत वाढवणार का, उघाडीची (बांधातून पाणी सोडायच्या वाटेची) कुजलेली दारं कोण बदलणार, तेही त्याच कागदावर. थेम्सचं नंतर बघू.