मदत हवी आहे: प्रार्थना कीटकाची नुकती बाहेर आलेली पिल्लं, खायला काय देऊ? (पुणे)

गच्चीतली_बाग

नमस्कार मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे.

आमच्या सोसायटीत (कोथरूड) गणपतीच्या आधी झाडांची छाटणी झाली. तोडलेल्या ढिगात कढीपत्त्याच्या एका फांदीला प्रार्थना कीटकाचा अंड्यांचा कोष चिकटलेला दिसला. फांद्या कचऱ्याच्या गाडीत जाणार होत्या, म्हणून तेवढा तुकडा कापून घरी आणला, उंच काचेच्या बरणीत उभा केला आणि तोंडाला मलमलचं कापड बांधलं. काल सकाळी त्यातून पिल्लं निघाली. बारीक धाग्यांना लोंबकळत एकेक खाली उतरत होतं, आणि तासाभरात बरणी भरून गेली. मोजता येत नाहीत, पण शंभराच्या पुढे नक्की असतील. इतकी चिमुकली असूनही मान वळवून आपल्याकडे बघतात! लेक शाळेत जायला तयार नव्हती.

आता प्रश्न खाण्याचा. घरात प्रत्येकाचा सल्ला वेगळा. सासूबाई म्हणतात साखरपाणी दे, शेजारच्या काकू म्हणतात मुंग्या सोड. मी उकडलेल्या अंड्याचा कण काडीवर धरून पाहिला, कुणी ढुंकूनही बघितलं नाही. यांना नक्की काय लागतं आणि ते पुण्यात कुठे मिळेल? पाणी कसं द्यायचं? एवढी सगळी एकत्र ठेवली तर एकमेकांना खातील का? आणि सगळी वाढवणं शक्य नसेल तर सोडायची कुठे? कुंड्यांवर मुंग्यांची रांग कायम असते, त्यामुळे गच्चीत सोडायला मन धजत नाही.

टेकडीवाला

ताई, आधी धीर धरा. बाहेर आल्यावर साधारण पहिला दिवस-दीड दिवस ती खात नाहीत, त्यामुळे अजून उशीर झालेला नाही. आज पाणी तेवढं द्या. कुंडीवर मारतो त्या स्प्रेच्या बाटलीने बरणीच्या एका बाजूला अगदी बारीक तुषार मारायचे. ती थेंब चाटून पितात. वाटीत पाणी ठेवू नका, बुडतात. मोठ्या थेंबातसुद्धा चिकटून मरतात.

अंड्याकडे बघितलं नाही याचं कारण साधं आहे: हलत नाही ते त्यांच्या लेखी अन्नच नाही. भक्ष्य जिवंत हवं, हलतं हवं आणि पिल्लाच्या निम्म्याहून लहान हवं. साखरपाण्याने अंग चिकट होईल, पोट भरणार नाही. मुंग्या तर अजिबात नकोत. या वयात मुंगीच पिल्लाला मारते, आणि एकीमागून बाकीच्या येतात. बरणी पाणी भरलेल्या परातीत उभी करा, म्हणजे बाहेरूनही मुंग्या चढणार नाहीत.

सगळ्यात चांगलं खाणं म्हणजे चिलटं, पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात ती. दोन-तीन मिलिमीटरची असतात, पिल्लांच्या मापाची. मंडईत संध्याकाळी डाग पडलेली केळी स्वस्तात मिळतात, त्यातलं एक सालासकट कुस्करून बाटलीत टाका आणि तोंडात कागदाचं नरसाळं बसवा, अरुंद टोक आत. ओट्याजवळ ठेवलीत तर या हवेत उद्यापर्यंत चिलटं जमतील. ती बरणीत सोडताना उडून जातात, म्हणून बाटलीचं तोंड बंद करून पाच-दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नाही). थंडीने सुस्तावतात, मग पटकन ओतायची. मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा हलू लागतात आणि पिल्लं झडप घालतात. ती पहिली झडप लेकीला जरूर दाखवा.

एकमेकांना खाण्याबद्दल: हो, खातात. भूक आणि गर्दी ही दोन कारणं. चिलटं भरपूर असतील तर पहिली कात टाकेपर्यंत बरीचशी एकत्र निभावतात, पण काचेच्या एका बरणीत शंभर म्हणजे फारच दाटी आहे. माझा सल्ला, दहा-बारा ठेवा आणि बाकीची लवकर सोडा. कोष इथलाच आहे, तेव्हा इथे सोडण्यात काही गैर नाही. एका झाडावर एक-दोन, ऊन उतरल्यावर, मुंग्या नसलेल्या आणि औषध न फवारलेल्या झाडांवर. निसर्गात शंभरातली मोजकीच मोठी होतात, म्हणूनच मादी इतकी अंडी घालते. तुम्ही सोडलेली सगळी जगणार नाहीत, पण तो कोष कचऱ्याच्या गाडीत गेला असता तर एकही जगलं नसतं.

मातीतले_हात

मावा पण चालतो. जास्वंदीच्या किंवा वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर असतो. शेंडा खुडून तसाच बरणीत ठेवायचा, पिल्लं वेचून खातात. मात्र झाडाला कडुनिंबाचं तेल किंवा दुसरं कुठलंही औषध मारलेलं नसावं.

आणि रुई-कण्हेरीवरचा पिवळाजर्द मावा आणू नका. टेकडीच्या वाटेवर तो ढिगाने सापडतो, म्हणून मुद्दाम सांगते. तो त्या झाडाच्या चिकातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो.

गच्चीतली_बाग

खूप खूप आभार! बरीचशी पिल्लं काल संध्याकाळी सोडली. काही सोसायटीच्या मागच्या कुंपणावर, काही मैत्रिणीच्या बंगल्यातल्या बागेत. बारा ठेवली आहेत. चिलटांची बाटली जोरात चालू आहे आणि आज सकाळी तिघांनी आमच्यासमोर शिकार केली. पुढचे पाय इतक्या वेगाने जातात की डोळ्यांना दिसतच नाहीत.

अजून दोन गोष्टी. रात्री आमच्याकडे डासांचं लिक्विडचं मशीन लावतात, त्याने काही होईल का? आणि कात टाकायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

टेकडीवाला

मशीन त्या खोलीत लावूच नका! डास मारणारं औषध या पिल्लांनाही मारतं, अगरबत्ती आणि कॉइलचंही तेच. त्या खोलीत मच्छरदाणी वापरा. महापालिकेची धुराची गाडी आली की खिडक्या लावून घ्या आणि धूर पूर्ण ओसरेपर्यंत उघडू नका.

कात टाकायच्या आधी पिल्लू खाणं सोडतं आणि वर जाऊन उलटं लटकून स्वस्थ बसतं. पहिली वेळ आठवड्या-दोन आठवड्यांत येईल. त्याआधी प्रत्येकाला वेगळा ग्लास द्या, उंची पिल्लाच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी. तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय धरत नाहीत आणि कात टाकताना पिल्लू खाली पडलं तर अंग वाकडं होऊन बसतं. हवा थोडी दमट ठेवा, ग्लास हलवू नका आणि उरलेली चिलटं काढून टाका. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, म्हणून खाणं दुसऱ्या दिवशी. एखाद्याचा पाय तुटलेला दिसला तर टाकून देऊ नका, पुढच्या दोन-तीन कातींत तो पुन्हा वाढतो.

प्रयोगशाळेतून

चिलटं घरीच वाढवा, म्हणजे रोज पकडावी लागणार नाहीत. रवा आणि गूळ पाण्यात शिजवून घट्ट करा (अगर-अगर असेल तर उत्तम), निवल्यावर बाटलीत ओता आणि वर चिमूटभर यीस्ट भुरभुरवा. कागदाची घडी उभी खोचा, अळ्या तिच्यावर चढून कोष करतात. त्यात पंचवीस-तीस चिलटं सोडून तोंडाला कापसाचा बोळा लावा. २५ अंशांच्या आसपास अंड्यापासून चिलट व्हायला साधारण १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने नवी बाटली लावत जा. एकीला बुरशी आली तरी दुसरी हाताशी असते.

पंख खुरटलेली, उडता न येणारी चिलटं मिळाली तर काम फारच सोपं होतं. संशोधनासाठी अशी वाणं जपली जातात. म्हैसूर विद्यापीठात तर ड्रॉसोफिलाचं (चिलटांचं शास्त्रीय नाव) स्टॉक सेंटरच आहे, आणि आपल्याकडे पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतही या माशीवर काम चालतं. लेकीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी शाळेच्या पत्रावर विचारलं तर नीट उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. दोन-तीन काती झाल्या की मात्र चिलटं पुरणार नाहीत, तेव्हा घरमाश्या आणि लहान पतंग द्यायला लागा.

गच्चीतली_बाग

रवा शिजवून बाटली लावली. मशीन त्या खोलीतून काढलं, सासूबाईंनी स्वतःच मच्छरदाणी शोधून दिली. शाळेतल्या बाईंना सोमवारी विचारते. कात टाकताना काही अडलं तर इथेच लिहीन.